छावणी उठली तरी: पश्चिम टेक्सासातलं फोर्ट डेव्हिस

फोर्ट डेव्हिसला रेल्वे कधीच आली नाही. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला पश्चिम टेक्सासातून रूळ टाकले गेले, ते इथून वीस-पंचवीस मैल दक्षिणेकडून. त्या रुळांच्या कडेला मार्फा आणि अल्पाइन ही दोन नवी गावं उभी राहिली. पुढे १८९१ मध्ये लष्करानंही इथला गाशा गुंडाळला. जे गाव छावणीच्या जिवावर वसलं, ज्याला रेल्वेनं वळसा घातला, ज्याच्या चहूबाजूंना चिवावा वाळवंट पसरलंय, ते खरं तर तेव्हाच उठायला हवं होतं. या भागात अशी उठलेली गावं कमी नाहीत. फोर्ट डेव्हिस मात्र आहे. हजारभर वस्ती, घड्याळाचा मनोरा असलेलं कोर्ट, एक ग्रंथालय, दोन-चार खाणावळी, आणि वर काउंटीचं मुख्य ठिकाण असल्याचा मान!

ऑस्टिनच्या मराठी मंडळींत "आम्ही फोर्ट डेव्हिसला चाललोय" म्हटलं की दोनच प्रतिक्रिया येतात. "अच्छा, बिग बेंडला?" (म्हणजे त्याच भागातल्या प्रसिद्ध राष्ट्रीय उद्यानाला) किंवा "तिथे आहे काय?" पहिल्याचं उत्तर "नाही", आणि दुसऱ्याचं उत्तर म्हणजे ही पोस्ट.

आम्ही गेलो ऑक्टोबरात. सासूबाई नाशिकहून आलेल्या होत्या, आणि न्यूयॉर्क, नायगारा वगैरे त्यांचं मागच्या खेपेलाच झालं होतं. "आता मला माणसं नसलेली अमेरिका दाखवा," असं त्यांनी स्वतःच सांगितल्यामुळे नवऱ्याला फार विचार करावा लागला नाही. आईंचं, म्हणजे सासूबाईंचं, बालपण देवळाली कॅम्पात गेलं. वडील लष्कराच्या बांधकाम खात्यात बिगरलष्करी नोकरीला होते. फोर्ट डेव्हिस बघायला हीच माणूस योग्य, हे मला तिथे पोचल्यावर कळलं.

ऑस्टिनहून सात तास लागतात. त्यातला बराचसा रस्ता म्हणजे आय-टेन हायवे. ताशी ८० मैलांची मर्यादा, आणि ती पाळूनही आपण जागचे हललोच नाही असं वाटायला लावणारं सपाट माळरान. टेकड्यांच्या माथ्यावर पवनचक्क्या, मधूनच माना डोलवणारे तेलाचे पंप, मग पुन्हा काहीच नाही. आई बराच वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "एवढी जागा पडून आहे, आणि तुम्ही ऑस्टिनात त्या खुराड्याला एवढे पैसे मोजता?" याला उत्तर नव्हतं. नवऱ्यानं गाण्याचा आवाज वाढवला.

बाल्मोरियाला हायवे सोडून १७ नंबरच्या रस्त्याला लागलं की चित्र पालटतं. माळ संपतो आणि डोंगर सुरू होतात. लिंपिया नावाच्या ओढ्याच्या काठाकाठानं रस्ता वर चढतो, वाइल्ड रोझ पास ही खिंड ओलांडतो, आणि दोन्ही अंगांना तांबूस-तपकिरी खडकांचे उभे खांब दिसायला लागतात. अंधेरीचा गिल्बर्ट हिल पाहिलेल्यांना हे खांब ओळखीचे वाटतील. लाव्हा थंड होताना तडकत जातो तेव्हा असे खांब तयार होतात. फक्त इथला लाव्हा आपल्या दख्खनच्या लाव्ह्यापेक्षा बराच तरुण, सुमारे साडेतीन कोटी वर्षांपूर्वीचा.

वाळवंट म्हटल्यावर आपल्याला वाळूच्या टेकड्या आठवतात. इथे वाळू नाही, गवत आहे. ऑक्टोबरात ते पिवळंधमक होऊन वाऱ्यावर लोळत असतं. गावाची उंची सुमारे १,५०० मीटर, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा थोडी जास्तच. पाऊस मात्र वर्षाकाठी ४० सेंटीमीटरच्या आसपास, तोही बहुतेक जुलै ते सप्टेंबरात. महाबळेश्वरला जुलैतल्या एखाद्या जोरदार आठवड्यात पडतो तेवढ्यात इथे वर्ष भागवतात.

१८५४ मध्ये लष्करानं ही जागा निवडली ती याच कारणांसाठी. मेक्सिकोशी झालेलं युद्ध १८४८ मध्ये संपलं आणि हा सगळा मुलूख अमेरिकेच्या पदरात पडला. लगोलग कॅलिफोर्नियात सोनं सापडल्याची बातमी फुटली. सोन्यामागे धावणाऱ्यांचे तांडे, टपालगाड्या, व्यापाऱ्यांची खटारं, सगळं सॅन अँटोनियोहून एल पासोला जाणाऱ्या नव्या रस्त्यावर आलं. तो रस्ता अपाचे आणि कोमांचे लोकांच्या मुलखातून जात होता. त्यांच्या मेक्सिकोकडे जाणाऱ्या वाटा याला आडव्या जायच्या. मग चकमकी, मग तक्रारी, मग ठाणं. लिंपियाचं पाणी, डोंगरातलं लाकूड, जनावरांना गवत आणि वाऱ्यापासून आडोसा देणारी खडकाळ घळ, हे सगळं एका जागी मिळणारं ठिकाण या टापूत दुसरं सापडणं कठीण होतं. ऑक्टोबर १८५४ मध्ये लेफ्टनंट कर्नल वॉशिंग्टन सीवेल पायदळाच्या सहा कंपन्या घेऊन इथे आला. ठाण्याला नाव दिलं ते तेव्हाचे युद्धमंत्री जेफरसन डेव्हिस यांचं.

गंमत म्हणजे सीवेलला ही घळ अजिबात पसंत नव्हती. तिन्ही बाजूंना कडे, वरून कुणी गोळ्या झाडल्या तर खालचे मेले. त्याला पुढे उघड्या माळावर नीट छावणी बांधायची होती, म्हणून घळीत त्यानं नुसती तात्पुरती बांधकामं केली. लाकडाच्या फळकुटांच्या भिंती, वर गवताचं छप्पर. त्या तात्पुरत्या झोपड्यांत सैनिकांनी वर्षानुवर्षं काढली. सरकारी कामातलं तात्पुरतं किती टिकतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आज आपण बघतो ती ही पहिली छावणी नाही. दुसरी आहे. तिच्याबद्दल सांगण्याआधी एक इशारा: किल्ला बघायचा म्हणून जाऊ नका. तट नाही, बुरूज नाहीत, दरवाजा तर नाहीच. आम्ही गाडीतून उतरलो तेव्हा शेजारच्या गाडीतला एक छोटा मुलगा "पण भिंत कुठेय?" असं सारखं विचारत होता, आणि माझ्याही मनात तेच होतं. रायगड-राजगड बघून मोठे झालेले आपण, आपल्या लेखी तटबंदीशिवाय किल्ला कसला?

आई मात्र पार्किंगच्या कडेला उभ्या राहून हात डोळ्यांवर धरून बघत होत्या. मग त्यांनी बोटानं दाखवायला सुरुवात केली. "ते बघ, समोर ओळीनं साहेबांचे बंगले. त्याच्यासमोर हे परेड ग्राउंड. ग्राउंडच्या अलीकडे शिपायांच्या बराकी. मागे तबेले असणार. दवाखाना लांब, एका बाजूला. आणि बाजार हद्दीच्या बाहेर." माहितीपत्रक अजून माझ्या हातातच होतं. उघडून पाहिलं, तर नकाशा तंतोतंत तोच. देवळाली, कामठी, खडकी इंग्रजांनी वसवली, हे अमेरिकनांनी वसवलं, पण साहेब आणि शिपाई यांच्यात किती अंतर ठेवायचं याचा हिशोब दोघांचाही एकच. बंगल्यांची तोंडं मैदानाकडे, आणि बंगल्यांतही कमांडिंग ऑफिसरचा सर्वांत मोठा, मधोमध.

आत एक सोय फार चांगली केली आहे. १८७५ सालच्या संध्याकाळच्या परेडचा आवाज पुन्हा उभा करून तो ध्वनिक्षेपकावरून मैदानावर ऐकवतात. बिगुल, हुकूम, घोड्यांच्या टापा, बँड. मैदान रिकामं, आणि आवाज मात्र भरगच्च. पहिल्या बिगुलाला आई चालता चालता थांबल्या. नवऱ्यानं विचारलं, "काय झालं?" तर म्हणाल्या, "काही नाही रे, सवय. आमच्याकडे बिगुल वाजला की सायकलवरून उतरून उभं राहायचं असायचं."

छावणीच्या पहिल्या पर्वातली एक गोष्ट आईंना सगळ्यांत आवडली, ती उंटांची. वाळवंटात खेचरांपेक्षा उंट बरे, असं युद्धमंत्री डेव्हिस यांचं मत होतं. १८५५ मध्ये काँग्रेसनं त्यासाठी ३०,००० डॉलर मंजूर केले आणि भूमध्य समुद्राकडून उंट बोटीनं टेक्सासात आणले. त्यातले काही १८५७ च्या उन्हाळ्यात एडवर्ड बील यांच्या काफिल्याबरोबर याच फोर्ट डेव्हिसवरून कॅलिफोर्नियाकडे गेले. उंटांनी काम चोख केलं. पण घोडे आणि खेचरं त्यांना बिचकायची, सैनिकांना त्यांचा वास सोसायचा नाही, आणि तेवढ्यात यादवी युद्ध पेटलं. प्रयोग बारगळला. "राजस्थानातून एक माणूस बोलावला असता तर टिकला असता," हा आईंचा निकाल.

यादवी युद्धात हेच जेफरसन डेव्हिस दक्षिणेच्या बंडखोर राज्यांचे अध्यक्ष झाले. गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेली ही राज्यं. १८६१ मध्ये सरकारी फौज फोर्ट डेव्हिस सोडून गेली, दक्षिणेची फौज आली, तीही १८६२ मध्ये निघून गेली, आणि पुढची पाच वर्षं ठाणं ओस पडलं. १८६७ मध्ये लेफ्टनंट कर्नल वेस्ली मेरिट पुन्हा इथे आला, तेव्हा त्याच्याबरोबर होती नववी कॅव्हलरी. घोडदळाची ही पलटण कृष्णवर्णीय सैनिकांची होती. त्यातले पुष्कळ जण दोन-तीन वर्षांपूर्वीपर्यंत गुलाम होते. १८८५ पर्यंत घोडदळाच्या नवव्या आणि दहाव्या, पायदळाच्या चोविसाव्या आणि पंचविसाव्या अशा कृष्णवर्णीय पलटणी इथे आलटून पालटून राहिल्या. आज आपण बघतो ती छावणी त्यांच्या काळात उभी राहिली. म्हणजे पाटीवर नाव गुलामगिरीच्या सर्वांत मोठ्या कैवाऱ्याचं, आणि इथला पहारा, गस्त, अंगमेहनत त्याच गुलामगिरीतून सुटलेल्यांची. माहितीपत्रकात दोन्ही गोष्टी आहेत, पण वेगवेगळ्या पानांवर. मला त्या एकाच पानावर, एकाच वाक्यात हव्या होत्या.

या दुसऱ्या छावणीतली बरीचशी बांधकामं ॲडोबीची, म्हणजे उन्हात वाळवलेल्या मातीच्या विटांची. डागडुजी करून उभ्या केलेल्या चोवीसएक इमारती आहेत, पण मला जास्त आवडले ते मागचे पडके अवशेष. एका कोपऱ्यात गिलावा सुटलाय आणि वीट उघडी पडलीय. वाकून पाहिलं तर मातीत गवताच्या काड्या, बारीक खडे आणि एका विटेच्या कडेला चार बोटं ओढल्यासारखे खळगे. आईंनी चष्मा वर करून निरखलं. "माती चांगली मळलीय. भुसा घातला नाही तर वीट उकलते," म्हणाल्या. विटा पाडायच्या कामात इथले मेक्सिकन मजूर वाकबगार होते. अशी भिंत उघडी पडली की पावसागणिक विरघळत जाते, म्हणून लेप पुन्हा पुन्हा द्यावा लागतो. छपरं गेलेल्या कितीतरी इमारतींचे आता नुसते चौथरे उरलेत.

बराकीत दोन्ही भिंतींना लागून खाटांच्या रांगा, प्रत्येक खाटेवर घडी केलेली घोंगडी, खाली बूट. साध्या शिपायाला पगार महिना १३ डॉलर. त्यात गस्त घालायची, टपालगाड्यांना सोबत करायची, रस्ते दुरुस्त करायचे, तारेचे खांब रोवायचे. लढाईचे प्रसंग तसे कमीच यायचे. आले ते १८८० मध्ये, व्हिक्टोरियोच्या निमित्तानं. व्हिक्टोरियो हा अपाचे लोकांचा पुढारी. सरकारनं त्याच्या लोकांना त्यांच्या मुलखातून उचलून ॲरिझोनातल्या सॅन कार्लोसच्या रखरखीत वस्तीत कोंबलं, तिथून तो निसटला आणि त्यानं दोन देशांच्या फौजांना दमवलं. डोंगरातल्या वाटा त्याच्या पायाखालच्या. पाठलाग करून तो हाती लागत नाही हे कर्नल बेंजामिन ग्रियर्सनच्या लक्षात आलं. मग त्यानं पाठलाग सोडला आणि पाणी धरलं. वाळवंटातल्या मोजक्या पाणवठ्यांवर सैनिक बसवले आणि वाट बघितली. तिनाहा दे लास पाल्मास आणि रॅटलस्नेक स्प्रिंग्ज या दोन पाणवठ्यांवर गाठ पडली, व्हिक्टोरियोला परत मेक्सिकोत वळावं लागलं, आणि ऑक्टोबरात तिथल्या फौजेनं त्याला गाठून मारलं. गनिमी काव्याच्या गोष्टी ऐकत मोठं झालेल्या माणसाला ही कथा उलट्या बाजूनं ऐकताना चमकल्यासारखं होतं. पाठलाग करणाऱ्यांच्या गोटात उभं राहून आपण मनातल्या मनात डोंगरातल्या माणसाची बाजू घेत असतो.

छावणीच्या कडेला एका प्रार्थनागृहाचा पाया शिल्लक आहे. फारसं कुणी थांबत नाही. तिथे हेन्री फ्लिपर या अधिकाऱ्याचा कोर्ट मार्शल झाला. फ्लिपर जॉर्जियात गुलाम म्हणून जन्मला आणि १८७७ मध्ये वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून बाहेर पडणारा पहिला कृष्णवर्णीय अधिकारी ठरला. फोर्ट डेव्हिसला त्याच्याकडे रसदीचं काम होतं. १८८१ मध्ये नवा कमांडिंग ऑफिसर आला, विल्यम शाफ्टर. रसदीचे पैसे सध्या स्वतःच्या खोलीतच ठेव, असं त्यानं फ्लिपरला सांगितलं. फ्लिपरनं ते पेटीत ठेवले आणि काही दिवसांनी पैसे कमी भरले. घाबरून त्यानं ती गोष्ट लपवली, वर न वटणारा चेक दाखवला, आणि सगळं उघडकीस आलं. अधिकाऱ्याला सहसा त्याच्या घरातच नजरकैदेत ठेवत. फ्लिपरला साडेसहा फूट लांब आणि साडेचार फूट रुंद कोठडीत टाकलं.

यातला पुढचा भाग मला माहीत नव्हता. गावातल्या व्यापाऱ्यांनी आणि फ्लिपरच्या मित्रांनी पैसे गोळा केले आणि बघता बघता सगळी तूट भरून काढली. छावणी एकीकडे, बाजार एकीकडे. तरीही कोर्ट मार्शल झालाच. अफरातफरीच्या आरोपातून तो सुटला, 'अधिकाऱ्याला न शोभणारं वर्तन' या कलमाखाली दोषी ठरला, आणि १८८२ मध्ये त्याला बडतर्फ केलं. पुढची सगळी हयात त्यानं सर्वेक्षक आणि इंजिनिअर म्हणून काढली, मेक्सिकोत नाव कमावलं, नाव परत मिळावं म्हणून अर्ज करत राहिला, आणि १९४० मध्ये वारला. लष्करानं १९७६ मध्ये कागदपत्रं दुरुस्त केली. १९९९ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी माफी दिली. माफी हा शब्द तरी कुणाकडून कुणाला, असा प्रश्न नवऱ्यानं तिथेच काढला, आणि आम्ही गाडीपर्यंत त्यावरच वाद घालत गेलो.

आता गावाकडे. छावणीला चारा लागायचा, मका लागायचा, गोमांस, जळण, विटा, चुना, खटारं लागायची. या सगळ्याचे ठेके निघत. ठेकेदार आले, त्यांच्यामागे मजूर आले, त्यांच्यामागे दुकानदार, गुत्तेवाले, कपडे धुणाऱ्या बायका. मेक्सिकन कुटुंबांची एक वस्ती चिवावा नावानंच ओळखली जायची. व्हिटेकर कीसी नावाचा माणूस १८६७ मध्ये लष्कराचा बेकर म्हणून आला. पुढे त्यानं दुकान टाकलं. काही कृष्णवर्णीय सैनिकांनी नोकरी संपल्यावर इथेच मेक्सिकन बायकांशी संसार थाटले. १८८० च्या दशकात छावणीत १०० वर बांधकामं आणि ४०० हून अधिक सैनिकांची सोय होती, त्यामुळे बाजारही तेजीत.

मग रेल्वेनं दगा दिला. त्या वेळी हे गाव प्रेसिडिओ काउंटीचं मुख्य ठिकाण होतं. १८८५ मध्ये मतदान झालं आणि मुख्यालय रेल्वेवरच्या मार्फाला गेलं. आपल्याकडे तालुक्याचं ठिकाण हललं की जे होतं ते सगळं इथेही झालं असणार, कारण दोनच वर्षांत, १८८७ मध्ये, यांनी काउंटीच तोडून घेतली. जेफ डेव्हिस काउंटी असं नव्या काउंटीचं नाव, आणि मुख्यालय अर्थात फोर्ट डेव्हिस. मुंबईच्या जवळजवळ दहापट क्षेत्रफळ आणि आज एकूण लोकसंख्या दोन हजारांच्या आसपास. चार वर्षांनी छावणी उठली, पण कोर्ट-कचेरी, जमिनीचे कागद आणि कर गोळा करणारे कारकून आधीच गावात बसले होते. माझ्या मते गाव वाचलं ते या कचेरीमुळे. सगळे गुरांच्या कुरणांचं कौतुक करतात, आणि कुरणं होतीच, पण कुरणवाल्याला महिन्यातून एकदा तरी गावात यायला भाग पाडते ती कचेरी.

बाकीचं काम उंचीनं केलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ह्यूस्टनकडचे पैसेवाले लोक उकाड्यातून पळून उन्हाळ्यात इथे राहायला यायचे. १९१२ मध्ये गावात लिंपिया हॉटेल बांधलं गेलं. स्थानिक दगडाची ती इमारत चौकात अजून दिमाखात उभी आहे. १९३० च्या दशकातल्या मंदीत बेकार तरुणांना काम द्यायच्या सरकारी योजनेतून शेजारच्या डोंगरात इंडियन लॉज उभा राहिला, पुन्हा ॲडोबीचाच, १८ इंची भिंतींचा. बहात्तरच्या दुष्काळातली रोजगार हमीची कामं आईंनी पाहिलेली. त्यांनी भिंतीवर थाप मारून पाहिली. "त्या कामांतले आमचे रस्ते पहिल्या पावसात गेले. हे बरं टिकलं."

जेवणाचं म्हणाल तर शाकाहारी माणसाला बीन बरिटो, चीज एन्चिलाडा आणि हिरव्या मिरचीचा सॉस यांवर भागवावं लागतं. बीन्समध्ये चरबी घातलीय का, हे आधी विचारा. आईंनी पहिल्याच घासाला "हे आपलं राजम्याचं धिरडं" असं म्हणून पर्समधली लसणाची चटणी बाहेर काढली, आणि वाढणाऱ्या बाईंनाही चाखवली. त्या बाईंनी डबीतली निम्मी चटणी मागून घेतली.

या गावाची आजची मोठी कमाई अंधार ही आहे. सोळा मैलांवर माउंट लॉकच्या माथ्यावर मॅकडोनल्ड वेधशाळा आहे. पॅरिस नावाच्या टेक्सासातल्या गावचे बँकवाले विल्यम मॅकडोनल्ड १९२६ मध्ये वारले, तेव्हा त्यांनी आपली बहुतेक सगळी संपत्ती टेक्सास विद्यापीठाला वेधशाळेसाठी ठेवली. विद्यापीठात तेव्हा खगोलशास्त्र विभागच नव्हता. नातेवाईक कोर्टात गेले, हे वेगळं सांगायला नको. १९३९ मध्ये ८२ इंची दुर्बीण सुरू झाली, तेव्हा ती जगातली दुसऱ्या क्रमांकाची मोठी दुर्बीण होती. युरेनसचा मिरांडा आणि नेपच्यूनचा नेरीड हे उपग्रह तिनंच शोधून दिले. शेजारची १०७ इंची दुर्बीण १९६८ ची. १९७० मध्ये एका कर्मचाऱ्याचं डोकं फिरलं आणि त्यानं तिच्या आरशावर पिस्तुलातून गोळ्या झाडल्या. काच जाड, त्यामुळे आरसा फुटला नाही, नुसती भोकं पडली. दुर्बीण त्या भोकांसकट आजही काम करते. दिवसाच्या सहलीत ही कथा ऐकताना सगळ्यात जास्त हसू मला आलं, का कोण जाणे.

संध्याकाळच्या स्टार पार्टीसाठी आधी तिकीट काढावं लागतं. उघड्या रंगमंचाच्या पायऱ्यांवर बसवतात, आणि एक जण हिरव्या लेझरनं आकाश दाखवत जातो. मग दुर्बिणींसमोर रांगा. आम्हाला शनीची कडी दिसली. आईंना कडीपेक्षा नुसत्या डोळ्यांनी दिसलेली आकाशगंगा जास्त भावली. लहानपणी देवळालीला गच्चीवरून दिसायची, म्हणाल्या. इथे ती अजून दिसते कारण दिव्यांवर कायद्यानं बंधनं आहेत. दिव्यांना टोपी हवी, उजेड जमिनीवरच पडला पाहिजे. २०२२ मध्ये बिग बेंडपासून इथपर्यंतचा आणि सीमेपलीकडच्या मेक्सिकोतलाही मुलूख मिळून जगातलं सर्वांत मोठं राखीव काळोख क्षेत्र जाहीर झालं. हॉटेलच्या आवारातसुद्धा गुडघ्याएवढ्या उंचीचे मिणमिणते दिवे होते. नवरा दोनदा कुंडीला धडकला.

सगळं असं छान-छान आहे असं नाही. चौकातली कितीतरी दुकानं आठवड्यातले निम्मे दिवस बंद असतात. एप्रिल २०११ मध्ये मार्फाजवळ पेटलेला वणवा वाऱ्यावर स्वार होऊन त्याच दिवशी इथवर पोचला, तीन लाखांहून अधिक एकर जळालं, गावातली वीसेक घरं गेली. चौकातल्या दुकानात पोस्टकार्डं घेताना त्या वणव्याचा विषय निघाला, तर बाईंनी पाऊसपाण्याच्या गप्पा माराव्यात तशा सुरात सगळं सांगितलं: वारा कुठून आला, आगीनं कुठली घरं सोडली, कुणाच्या गोठ्यातली गुरं कुणी सोडवली.

जाणार असाल तर ऑक्टोबर किंवा एप्रिल बरा. रात्री चांगलीच थंडी पडते, स्वेटर हवाच. हायवे सोडायच्या आधी पेट्रोल भरून घ्या आणि फोनच्या नेटवर्कवर विसंबू नका. छावणीला अर्धा दिवस द्या. मागच्या टेकडीवर जाणारी पायवाट आहे, वरून सगळा आराखडा एका नजरेत दिसतो. वेधशाळेत शक्यतो अमावास्येच्या आसपास जा. आणि परतीच्या वाटेवर बाल्मोरियाच्या तलावात डुंबायला विसरू नका. तोही त्याच मंदीतल्या योजनेतून बांधलेला, जिवंत झऱ्याचा, २५ फूट खोल. पाणी बाराही महिने २२ ते २४ अंशांच्या आसपास, तळ स्वच्छ दिसतो आणि पायाला मासे लागतात. आई साडी वर खोचून काठावर बसणार होत्या, पण पाण्यात उतरायला पोहण्याचा पोशाख बरोबर हवा. तो आमच्याकडे होता, त्यांच्याकडे नव्हता, म्हणून त्यांनी काठावरच्या झाडाखाली बसून उरलेली चटणी आणि ब्रेड संपवला.